फटाक्यांच्या खोक्यातली वाळू

१

सकाळी साडेनऊला आमच्या इमारतीखालच्या गाळ्यात फटाक्यांची सहा खोकी उघडली आणि सहाही खोक्यांतून निघाला पेंढा आणि वाळूच्या पिशव्या. फटाका एकही नाही. साधी लवंगीसुद्धा नाही. पावणेदहापर्यंत चोर कोण ते भिवंडीतल्या आमच्या निम्म्या नारपोलीला कळलंही होतं. चोर मी होते.

मी सुचेता कर्णिक. एकतीस वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहे आणि या तीन मजली इमारतीची सेक्रेटरी आहे, म्हणजे पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या चपलांपर्यंत सगळ्यांशी भांडायचं काम माझं. इमारत बांधली शेजारच्या बंगल्यातल्या केसरीनाथ तरे यांनी. इथले मूळचे आगरी माणूस. दापोड्याला शेत होतं, तिथे गोदामं उभी राहिली आणि केसरीनाथचे केसरीशेठ झाले. माणूस अंगाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा, पण मनाने लोणी. त्यांची एकुलती एक मुलगी उन्नती. पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून गणितं सोडवली तिने. आज संध्याकाळी तिची हळद होती.

फटाके आणले होते मनोजने, म्हणजे शेठच्या धाकट्या भावाने. तोही माझाच विद्यार्थी, अपूर्णांकात कायम अडकलेला. गेल्या महिन्यात त्याच्या कुणा भाविक नावाच्या मित्राच्या हळदीला वीस मिनिटं आकाशात आतषबाजी झाली होती, तेव्हा तर्‍यांच्या घरी पंचवीस मिनिटं व्हायलाच हवी, असा त्याचा हिशेब. बंगला पाहुण्यांनी भरलेला, म्हणून खोकी आमच्या खालच्या रिकाम्या गाळ्यात ठेवली. त्या गाळ्याच्या किल्ल्या दोन. एक तर्‍यांच्या देवघराशेजारी, दुसरी माझ्या दारामागच्या खिळ्याला. कुलूप फोडलेलं नव्हतं.

माझ्याविरुद्ध पुरावा म्हणाल तर भरपूर. माझा कुत्रा कोकम फटाक्यांना भितो. गेल्या दिवाळीत पहिली माळ लागली तसा पट्टा तोडून पळाला आणि रात्रभर सापडला नाही. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले होते की, घरगुती समारंभाला हे फटाके कशाला हवेत. पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, दुसऱ्यावर छातीचं ऑपरेशन झालेले गृहस्थ आहेत, तुमचा आनंद आमच्या डोक्यावर का फुटायचा. बरं, मी काही सणाची दुष्मन नाही, मला फुलबाजी आवडते, अजूनही एक पेटवते. पण परवा जिन्यात मनोजशी जुंपली आणि रागाच्या भरात मी चार माणसांसमोर म्हणाले की, ही खोकी मी पाण्यात बुडवून ठेवीन. जिभेला हाड नसतं ते असं.

मनोजचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. चोवीस तास गल्लीतले कापडाचे लूम खडखडतात त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि आमच्या घरी एकदा आनंद होणार तर सगळ्यांचे कान दुखतात, असं तो म्हणाला. मग त्याने गाळ्याच्या दारात उभं राहून मला मुदत दिली. सात वाजेपर्यंत माल परत आला तर तो पोलिसांत जाणार नाही. पण माल आला नाही तर बाईंनी मांडवात पाऊल ठेवायचं नाही.

वर आले तोच उन्नतीचा फोन. तिला काही माहीत नव्हतं, किंवा माहीत नसल्यासारखं ती बोलत होती. एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही येणार ना?" मी येणार म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. एकतीस वर्षांत कुणी माझ्यावर खडूच्या तुकड्याचाही आळ घेतला नव्हता. फटाके शोधले नाहीत तर उन्नतीच्या हळदीला मी चोर. आणि शोधले तर तेच फटाके रात्री आठ वाजता कोकमच्या डोक्यावर फुटणार. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःच्या कुत्र्याचा जीव टांगणीला लावायचा. तरी शोधायचे, असं मी ठरवलं.

खोक्यातली मूठभर वाळू मी पदरात बांधून वर आणली होती. ती टेबलावर ओतली. आमच्या ह्यांनी ती पाहिली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

२

आमच्या ह्यांना सगळी भिवंडी भाऊ म्हणते. मला ते नाव घेता येत नाही, म्हणून माझे ते 'हे'. अग्निशमन खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आग विझवली नाही एकही, पण आगीचे कागद चौतीस वर्षं सांभाळले. त्यांनी वाळू चिमटीत घेतली, चोळली, चष्मा कपाळावर नेऊन पाहिली.

"ही बांधकामाची नव्हे," ते म्हणाले. "बांधकामाला हल्ली दगडाचा चुरा येतो. ही नदीची आहे, चाळलेली, उन्हात वाळवलेली. एवढे लाड वाळूचे एकाच ठिकाणी होतात. गोदामातल्या लाल बादल्यांत."

मी पाटी पुसून पहिल्यापासून मांडणी केली. ज्याला माल हवा होता तो खोक्यासकट घेऊन गेला असता. ज्याला सूड हवा होता त्याने बादलीभर पाणी ओतलं असतं, दोन मिनिटांचं काम. या माणसाने फटाके काढले, पेंढा भरला, वजन जुळावं म्हणून वाळू घातली आणि खोकी पुन्हा चिकटवली. म्हणजे त्याला चोरी लपवायची होती, आणि तीही फक्त आज संध्याकाळपर्यंत. मनोजला सकाळी पाहुण्यांसमोर मिरवायची हुक्की आली नसती तर ऐन पेटवायच्या वेळीच कळलं असतं. त्याला फटाके नको होते असं नाही. त्या एका वेळेला आवाज नको होता.

"असा माणूस म्हणजे तूच की," हे प्रेमाने म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचा चहा स्वतः करायला उठले.

आवाज नको असलेली दुसरी व्यक्ती मला माहीत होती. ठमाबाई. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाते, तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही की लग्न लागत नाही. भाविकच्या हळदीत ठमाबाई गात होती आणि वर बॉम्ब फुटत होते, शेवटी ती रागावून निम्म्यावर गप्प बसली होती. दुपारी ती आमच्या जिन्यात सावलीला येऊन टेकली, तेव्हा मी चहा घेऊन खाली गेले आणि सरळच विचारलं. ती खो खो हसली. साडी वर करून तिने सुजलेले गुडघे दाखवले. खोकं उचलणं सोडा, तिला पायरी चढवत नव्हती. तिने फटाके घेतले असते तर चुलीत घातले असते, असंही वर म्हणाली.

मग ती आजच्या हळदीबद्दल सांगत बसली. मनोजने तिला बजावलं होतं की, पहिला धवला सरता सरता तिने हात वर करायचा, म्हणजे पोरीला हळद टेकली की वर आतषबाजी सुरू. ठमाबाईला ते मुळीच पटलेलं नव्हतं. धवल्याची वेळ देवाची असते, असं तिचं म्हणणं.

"आयबाप पाटाव बसलं का मंग उठाचा नाय," ती म्हणाली. "शेवटला धवला सरं तवर नाय. पानी पन तितंच पियाचा." मनोजच्या लग्नात थोरला भाऊ चांगदेव आणि त्याची बायको पाटावर बसली होती. केसरीची पाटावर बसायची ही पहिलीच वेळ, म्हणून तो सकाळपासून घामाने निथळतोय, असं ती कौतुकाने सांगत होती.

शेठ मला फाटकाशी भेटलेही. मी म्हटलं, शेठ, मी नाही घेतले. त्यांनी मान वर केली नाही. "जाऊ दे बाई, गेला तो गेला," एवढंच पुटपुटले. मला वाटलं, यांनाही माझाच संशय आहे आणि बिचारे सभ्यपणाने बोलत नाहीत. वाईट वाटलं. कोकम मात्र शेठच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर पुढचे पाय टेकवून शेपूट हलवत उभा राहिला. हा कुत्रा पोस्टमनपासून पुजाऱ्यापर्यंत जगावर भुंकतो, फक्त शेठवर भुंकत नाही. तर्‍यांच्या घरच्या मटणाचा परिणाम, असं मी समजत होते. ओढत वर आणला.

आता बादल्या. शेठच्या दापोड्याच्या गोदामाच्या किल्ल्या तीन. एक विठूकडे, तो तिथली देखरेख करतो आणि शेठचे शर्यतीचे बैल सांभाळतो. दुसरी मनोजकडे, तिसरी तर्‍यांच्या घरात. विठूला फोन लावला तर तो वज्रेश्वरीला, सासुरवाडीला. फटाके वाजणार म्हणून परवाच बैल घेऊन तिकडे गेला होता, किल्ली कमरेला होती. बादल्या परवाच त्याने ताज्या वाळूने भरल्या होत्या, काठोकाठ. वाळू गेली असेल तर ती कालच गेली, आणि विठूने नेली नाही. ज्याने आपले बैल आधीच लांब नेले, त्याला फटाके लपवायचं काही कारण उरत नाही.

राहिल्या दोन किल्ल्या. मनोज स्वतःचे फटाके चोरेल, हे मला अपूर्णांकातही बसवता येईना. मी तर्‍यांच्या मागच्या दाराने गेले आणि कमळवहिनींना, म्हणजे शेठच्या बायकोला, हाक मारली. गोदामाची किल्ली मागितली. का ते सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी काही विचारलंच नाही. हळदीचे हात पदराला पुसून त्यांनी किल्ली आणून माझ्या मुठीत ठेवली. मग मागे वळून पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली.

"बाई, जाताना कोकमला न्या," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

३

रिक्षात आम्ही तिघे. मी, हे आणि मांडीवर कोकम. रिक्षावाला कुत्र्याला घ्यायला तयार नव्हता, पण त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता असं निघालं आणि प्रश्न मिटला. अंजूरफाट्याच्या गर्दीतून दापोड्याला पोचायला पाऊण तास लागला. कंटेनरचे हॉर्न, टेम्पोंची रांग, उडणारी धूळ. कोकम पूर्ण वेळ जीभ बाहेर काढून मजेत. ट्रकचा हॉर्न याला चालतो, लूमच्या खडखडाटात हा झोपतो, आणि फटाका म्हटलं की पलंगाखाली. याचं मला नेहमीच नवल वाटायचं.

हळदीमुळे गोदाम बंद होतं. कुलूप काढलं तोच कोकमने पट्ट्याला हिसका दिला आणि तो आत धावला. वास घेत नाही, शोधत नाही, सरळ धावला, घरी आल्यासारखा. आत कापडाच्या गाठी छताला टेकतील अशा रचलेल्या. तिसऱ्या रांगेनंतर तो डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला. आम्ही मागे गेलो.

गाठींच्या मधोमध माणूसभर जागा मोकळी ठेवली होती. तिथे एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेली चादर, बाजूला पाण्याची बाटली. आणि खाली एक स्टीलची वाडगी, तिच्या तळाला वाळलेला भाताचा दाणा चिकटलेला. कोकम खुर्चीखाली जाऊन पाय दुमडून आडवा झाला आणि आमच्याकडे असं पाहू लागला की, तुम्हाला एवढा वेळ का लागला.

मी ह्यांना दार लावून घ्यायला सांगितलं. दार लागलं आणि हॉर्न, टेम्पो, सगळं जग बंद झालं. चारी बाजूंना कापड, आवाज येणार कुठून. मी त्या खुर्चीवर बसले.

हे तोवर भिंतीशी जाऊन संतापले होते. आठ हूक. सात लाल बादल्या, सातही रिकाम्या. आठव्या हुकाला बादलीच नाही. कापडाचं गोदाम आणि वाळूचा कण नाही, हे त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा अपमान असल्यासारखं ते बोलत होते. मी विचारलं, मग फटाके इथेच असतील का. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. गोदामवाला माणूस कापडाजवळ काडेपेटीसुद्धा खिशात ठेवत नाही, ते म्हणाले. बाहेरच्या चोराने नक्की इथेच लपवले असते, एवढी छान जागा. पण हा बाहेरचा नव्हता.

मग कापडापासून लांब, कोरडी आणि आज रिकामी असलेली जागा कोणती? बैलांचा गोठा. गोदामापासून शंभर पावलांवर. बैल वज्रेश्वरीला. गव्हाणीत ताडपत्री, ताडपत्रीखाली सगळे फटाके नीट लावून ठेवलेले, आकाशात फुटणारे शॉट एका बाजूला, माळा दुसऱ्या बाजूला. एकही भिजलेला नाही. आणि शेजारी, हाताला येईल अशी, वाळूने काठोकाठ भरलेली आठवी लाल बादली.

"चोरीतसुद्धा नियम पाळलाय," हे म्हणाले आणि त्यांचा राग गेला.

मी गव्हाणीच्या काठावर बसले आणि गणित सोडवलं. मनोज दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढतो, त्याला गोदामाबाहेर काढताना विठूच्या नाकी नऊ येतात. ही बादली त्याने ठेवलेली नाही. मग मला गेली दिवाळी आठवली. कोकम संध्याकाळी पळाला आणि सकाळी सहाला आमच्या जिन्यात सापडला, पोट भरलेला, शांत. त्या संध्याकाळी शेठ नेहमीप्रमाणे गोदामावर चक्कर मारायला गेले होते. नेहमीप्रमाणे. दर दिवाळीला जातात. गणपती विसर्जनाला मिरवणूक निघाली की त्यांना महत्त्वाचा फोन येतो. मनोजच्या वरातीत ते मधेच पाहुण्यांना आणायला निघून गेले होते. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या माणसाला फटाक्याजवळ एकदाही पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आज मात्र त्यांना जाता येणार नव्हतं. आज ते मुलीचे बाप. पाटावर बसले की शेवटचा धवला सरेपर्यंत उठायचं नाही, आणि पहिला सरता सरताच डोक्यावर पंचवीस मिनिटं.

चोर कोण ते मला कळलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की, उत्तर बरोबर आलं आणि मला वाईट वाटलं.

४

पाच वाजता मी शेठना गाळ्यात बोलावलं, मीटरच्या कागदावर सही हवी म्हणून. ते आले. पांढरा सदरा, गळ्यात बोटाएवढी साखळी, डोक्याला टोपी. मी पिशवीतून स्टीलची वाडगी काढून खोक्यावर ठेवली.

त्यांनी ती ओळखली. मग पेंढ्याच्या एका खोक्यावर मटकन बसले, खोकं दबलं.

मला रागच आला होता, तो मी लपवला नाही. सकाळपासून माझं नाव गल्लीभर झालं, तुम्ही फाटकात उभे होता, एक शब्द बोलला नाहीत, असं मी म्हणाले. वर्गात मोठ्या मुलाला बोलावं तसं बोलले. ते ऐकून घेत होते. धा वेळा सांगायला निघालो, ते म्हणाले, जिन्यापर्यंत आलो आणि परत गेलो.

"लहानपनापासून हाय," ते हळूच म्हणाले. "फुटला की अंग माझं राहात न्हाय, बाई. थरथर सुटते. लूमचं काय वाटत न्हाय, तो येतोय ते म्हाईत असतं. ह्यो कवा फुटंल ते कळत न्हाय." दिवाळीत कोकम त्यांना गाडीखाली सापडला होता. दोघांची अवस्था एकच, म्हणून त्यालाही मागच्या सीटवर घातलं आणि गोदामात नेलं. भात दोघांनी एकाच डब्यातला खाल्ला. हे सांगताना त्यांना थोडं हसू आलं.

मग मनोजला सरळ नाही म्हणायचं होतं, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मनोजला वाघासारखा भाऊ माहीत आहे. मांडवात दीड हजार माणूस, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पोरीला हळद लागतेय आणि बाप पाटावर थरथरतोय, हे उद्या सगळ्या तालुक्याने बघायचं. पोरीच्या सासरच्यांनी बघायचं. त्यापेक्षा फटाके पेटवायच्या वेळीच नसले तर दोष दुकानदारावर जाईल, असं त्यांना वाटलं होतं. तो माझ्यावर येईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, गोदामांचा मालक, आणि वही हरवलेल्या पोरासारखा बसला होता. मी वाडगी परत पिशवीत घातली.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणाले. "पण चोर म्हणून मांडवात येणारही नाही. उन्नतीला सांगा, बाईंना ताप आलाय."

५

आठ वाजता आमच्या गॅलरीतून मांडव सगळा दिसत होता. पिवळ्या साड्या, पिवळे सदरे, बेंजोवाले घामाघूम. मी दिवा न लावता बसले होते, पायाशी कोकम. ह्यांना मी जबरदस्तीने खाली पाठवलं होतं, पण ते जिन्यातच उभे होते, हे मला माहीत होतं. मी पिवळी साडी नेसले होते. का नेसले कुणास ठाऊक. उन्नतीसाठी आणलेली पैठणीची पिशवी मांडीवर तशीच होती.

बेंजो थांबला. शेठ आणि कमळवहिनी पाटावर बसले. ठमाबाईने घसा खाकरला. तेवढ्यात मनोजने माईक घेतला. पाहुण्यांनी माफ करावं, तो म्हणाला, आज तर्‍यांच्या घरची आतषबाजी होणार नाही, काही शेजाऱ्यांची कृपा. असं म्हणून त्याने आमच्या गॅलरीकडे हात केला. दीड हजार माना वर झाल्या. अंधार होता म्हणून बरं, पण तरी मी पिशवी छातीशी धरली.

शेठ उठले नाहीत. उठता येत नव्हतं त्यांना. बसल्या जागेवरून त्यांनी हात पुढे केला आणि मनोजकडून माईक मागितला.

"बाईंनी काय नेला न्हाय," ते म्हणाले. आवाज मोठा, नेहमीचा, फक्त जरा चिरका. "फटाके मी काढले. गोठ्यात हायेत. मना फटाक्याची भीती वाटते. लहानपनापासून वाटते. आज मना उठून पलता येनार नव्हता, म्हनून काढले. बाईंना सांज्यापासून ठाव होता, आन् त्या बोलल्या न्हाईत. बाई, मी चुकलो."

पलीकडच्या गल्लीतले लूम ऐकू आले. मोबाईल वर होते, कुणीतरी हे रेकॉर्डही करत असेल. मग चांगदेव, थोरला भाऊ, पासष्टीचा माणूस, पहिल्या रांगेतून म्हणाला की, त्यालाही फटाके कधी आवडले नाहीत, तो कानात कापूस घालून येतो. त्याने कानातून बोळा काढून दाखवला. बायकांच्या बाजूने हसू फुटलं, मग सगळीकडून. तान्ह्या बाळाची आई टाळ्या वाजवत होती. कमळवहिनी डोळे पुसत म्हणाल्या की, तीस वर्षं मी एकटीनेच हे सांभाळलं, आता तुम्ही सगळे सांभाळा.

मनोज मधोमध तसाच उभा होता. हात लोंबकळत. तो शेठच्या पाटापाशी जाऊन उकिडवा बसला.

"दादा, मला सांगायचं ना," तो म्हणाला. माईक चालूच होता.

"तुला कसा सांगू?" शेठ म्हणाले. "तू मना घाबरतोस."

मनोजने त्यांचा गुडघा धरला. मग एकदम उठला आणि गर्दीतून वाट काढत आमच्या जिन्याकडे आला. त्याच्या पावलांचा आवाज मी ऐकला, दोन दोन पायऱ्या. दार उघडं होतं. तो आत आला, गॅलरीपर्यंत आला आणि माझ्या पाया पडला. मग खाली मान घालून उभा राहिला. शाळेतही चुकलं की तो असाच उभा राहायचा, उत्तर माहीत नसल्यासारखा. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग मलाच रडू आलं.

त्याने मला हाताला धरून खाली नेलं. बाईंना वाट द्या, बाईंना वाट द्या, असं ओरडत. दुपारपर्यंत मला पाहून तोंड फिरवणाऱ्या बायका खुर्च्या सरकवत होत्या. ठमाबाई धवला गायला लागली होती. एरवी धवल्याचे शब्द कुणाला कळत नाहीत. त्या संध्याकाळी सगळे कळत होते. उन्नतीच्या आईचं नाव त्यात आलं, आजीचं आलं, पणजीचं आलं.

पहिली हळद आईची, ती लागली. दुसरी कुणाची यावर नेहमी आत्या आणि मामी यांच्यात चढाओढ असते. उन्नतीने मान वळवून दोघींकडे पाहिलं नाही. तिने माझ्यासमोर गाल पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. मी हळदीत बोटं बुडवली आणि तिला हळद लावली.